तीन बोटांची पावलं

आमच्या दोड्डबंडेला स्टेशन नव्हतं, पोस्ट नव्हतं, डॉक्टर आठवड्यातून एकदा सायकलवरून यायचा आणि आल्यावर आधी सायकलचं पंक्चर काढून मग पेशंटकडे वळायचा. पण आमच्याकडे डायनासोर होता. शेजारच्या के. आर. पुरमला आगगाड्या थांबत असतील, तिथं सिनेमाचा तंबू लागत असेल, पण डायनासोर काही तिथून गेला नव्हता. तो गेला होता आमच्या तळ्याकाठच्या लांबरुंद उघड्या खडकावरून, आणि जाताना एका ओळीत आपली पावलं उमटवून गेला होता. परातीएवढं एकेक पाऊल, तीन फाकलेली बोटं, पाऊस पडून गेला की चिमण्यांना आंघोळ करता येईल एवढं खोल. कानडीत बंडे म्हणजे खडक आणि दोड्ड म्हणजे मोठा, तेव्हा गावाचं नावच मुळी त्या खडकावरून पडलेलं. आज त्या भागातून जाताना तुम्हाला काचेच्या इमारती आणि बेळ्ळंदूरपर्यंत तुंबलेल्या गाड्या दिसतात. माझ्या लहानपणी तिथं रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं होती, आणि गावाबाहेरच्या माणसाला गाव दाखवायचं म्हणजे खडक दाखवायचा असा रिवाज होता.

पूर्वी ती पावलं कुठल्याशा राक्षसाच्या कोंबड्याची मानली जात. मग शाळेतल्या शिवण्ण मेष्ट्रुंनी, मेष्ट्रु म्हणजे आपले मास्तर, एका इंग्रजी पुस्तकात डायनासोरचं चित्र पाहिलं, ते पुस्तक उघडं धरूनच ते खडकावर धावत गेले, आणि त्या दिवसापासून कोंबड्याची बढती झाली. इडलीच्या हॉटेलाचं नाव बदललं. कबड्डीच्या संघाचं नाव बदललं. लॉऱ्या रंगवणाऱ्या माणसाकडून वेशीवर चित्र काढून घेतलं, त्यात डायनासोरला भरघोस मिशा होत्या आणि गळ्यात झेंडूची माळ. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना उप्पीट-केळं झाल्यावर खडकावर नेत, आणि ‘आमच्याकडे हे आहे, तुमच्याकडे काय आहे?’ अशा नजरेनं त्यांच्याकडे बघत. पाहुण्यांकडे सहसा काही नसे.

आम्ही या गावात भाडेकरू म्हणून आलो होतो. बाबा खडकांच्या सरकारी खात्यात होते. शहरात जागा महाग आणि बाबांना मोकळ्यावर राहायची हौस, म्हणून गौरक्काच्या घराची पुढची दोन दालनं आम्ही घेतली होती. गौरक्का म्हणजे आमची घरमालकीण. उंच, काळीसावळी, नाकात दोन्ही बाजूंनी चमक्या, आणि आवाज असा की तळ्याच्या पलीकडची म्हैस मान वर करी. नवरा लवकर गेलेला, शेती तिनंच सांभाळलेली. गावात तिचा शब्द चाले. बाबांचं खरं नाव वसंतराव, पण ते दिवसभर हातोडी घेऊन दगड फोडत हिंडतात हे पाहून गौरक्कानं त्यांचं नाव कल्लप्पा ठेवलं. कल्लु म्हणजे दगड. आठवड्याभरात सारं गाव त्यांना कल्लप्पा म्हणू लागलं, आणि गंमत म्हणजे बाबांना ते मनापासून आवडलं.

आमच्या घरात फळ्यांवर भांड्यांपेक्षा दगड जास्त. प्रत्येकाला चिकटवलेली चिठ्ठी, आणि कुणी हलवला तर बाबांचा पारा चढे. कोलारहून आणलेला एक गुळगुळीत धोंडा ते महिनाभर शोधत होते. तो आईनं मिरच्यांच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवला होता, आणि ते त्याच लोणच्याबरोबर रोज भाकरी खात होते. आई मिरजेची. तिला कानडी येत होती, पण ती मिरजेकडची, तिचं बोलणं ऐकून गौरक्का पदर तोंडाला लावून हसायची. दोघींचं मेतकूट मात्र असं जमलं होतं की मधल्या दाराला कडी घालायची कुणाला कधी आठवण राहिली नाही. सकाळी ‘सोप्पूऽ’ अशी पालेभाजीवाल्या बाईची हाळी, गौरक्काच्या जात्याची घरघर, लांबून के. आर. पुरमच्या इंजिनाची शिट्टी आणि आमच्या ओसरीवर बाबांच्या हातोडीची टकटक, अशी आमची जाग यायची. गौरक्का रागीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, करायची, वाफाळता, गोल गरगरीत. तो चावायचा नसतो, सारात बुडवून नुसता गिळायचा असतो. मला आणि आईला ते पहिल्या आठवड्यात जमलं. बाबा शेवटपर्यंत एकेक घास चावून चावून खात राहिले. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय ते घशाखाली जाऊ देत नसत.

तोच त्यांचा आणि गावाचा वाद होता. बाबांच्या मते तो खडक इतका जुना होता की तो तयार झाला तेव्हा पृथ्वीवर पाय असलेलं काहीही नव्हतं. शिवाय ठसा उमटायला आधी चिखल लागतो, आणि हा खडक कधी चिखल नव्हताच. हे ते सगळ्यांना समजावून सांगत. लोक आदरानं ऐकून घेत, आणि शेवटी शिवण्ण मेष्ट्रु विचारत, ‘सरी, बरं, कल्लप्पा. मग ही पावलं नाहीत, तर काय आहेत?’ इथं बाबांची गाडी अडे. काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाण्यानं असं होत नाही, वाऱ्यानं होत नाही, छिन्नीचे घाव कुठं दिसत नाहीत. ते रविवारी भिंग घेऊन पावलांवर ओणवे होत आणि संध्याकाळी गुडघे चोळत परत येत. मी मागे उभी राहून, आलेल्या पाहुण्यांना सांगे, ‘ते बघा, खात्याचे साहेब स्वतः येऊन तपासतात.’ मला त्याबद्दल खोबऱ्याची वडी मिळे. बाबांच्या अंगावर धावून येण्यात आणि माझ्या पळण्यात थोडंच अंतर असे, पण ते पुरे.

या पावलांशी जोडलेला गावाचा एक जुना रिवाज होता. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी सगळं गाव खडकावर जेवायचं. प्रत्येक घराची चूल वेगळी आणि प्रत्येक घराचं पाऊल ठरलेलं. तीन धोंडे मांडायचे, त्यांच्या मधल्या तीन फटींतून तीन ओंडके आत सरकवायचे, वर हंडा चढवायचा. चूल पावलातच मांडायची, कारण पावलाचा खळगा आयता, विस्तव वाऱ्यानं उडत नाही, आणि पूर्वजांपासून तसंच चालत आलेलं. गौरक्काचं पाऊल ओळीत पहिलं आणि सगळ्यांत खोल. लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू त्या दिवशी हाताला धरून आपल्या पावलापाशी नेई, आणि तिथं पहिला जाळ घातला की ती त्या घरची झाली. भाडेकरूंना अर्थातच पाऊल नव्हतं. आम्ही गौरक्काच्या चुलीवरचे पाहुणे. गौरक्का आईला काही करू देत नसे, ‘तू बस, तू पाहुणी,’ म्हणे, आणि आई हसून बसे. पण घरी आल्यावर ती एकदा भांडी आपटत म्हणाली होती, ‘किती वर्षं पाहुणी राहायचं माणसानं?’ बाबा तेव्हा भिंग पुसत होते. त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

त्या वर्षी श्रावणाच्या आधी खडकावर लाल रंगाच्या खुणा दिसल्या. मोठा रस्ता व्हायचा होता, त्याला खडी हवी होती, आणि खडी करायला आमचा खडक कुणाच्या तरी डोळ्यांत भरला होता. गाव हादरलं. गौरक्का दहाबारा जणांना घेऊन तालुक्याला गेली आणि तिथल्या साहेबांना म्हणाली, ‘त्यावर डायनासोरची पावलं आहेत.’ साहेब म्हणाले, ‘तुमच्या गावात खडकांच्या खात्याचा माणूस राहतो ना? मी येऊन बघतो. तो हो म्हणाला तर खडकाला हात लावणार नाही. नाही म्हणाला तर महिनाअखेर सुरुंग.’ म्हणजे सगळं येऊन बाबांच्या जिभेवर थांबलं.

त्या संध्याकाळी गौरक्का आणि मेष्ट्रु आमच्या ओसरीवर आले. गौरक्का कधी नव्हे ती हळू आवाजात बोलत होती, त्यामुळे मलाच भीती वाटायला लागली.

‘कल्लप्पा, तुम्ही फक्त हौदु म्हणा. एक शब्द. हो.’

‘अक्का, मी कसा म्हणू? ते खोटं आहे.’

‘मग खरं काय आहे ते सांगा.’

‘ते मला माहीत नाही.’

‘स्वतःला माहीत नाही, आणि आमचं खोटं!’ गौरक्काचा आवाज मूळ पदावर आला. ‘माझी सासू त्या पावलावर शिजवून म्हातारी झाली. उद्या तिथं खड्डा पडेल. मी रागी कुठं वाळवू? सून आली की तिला श्रावणात कुठं नेऊ? तुमच्या खऱ्याच्या डोक्यावर?’

बाबा मान खाली घालून बसले. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. पण मास्तरांनी आशेनं ‘निदान गप्प तरी राहा,’ असं म्हणताच ते उसळून म्हणाले, ‘विचारलं तर सांगणार. मी सरकारचं मीठ खातो.’ गौरक्का उठून गेली, आणि त्या रात्री पहिल्यांदा मधल्या दाराची कडी पलीकडून लागल्याचा आवाज आम्ही ऐकला.

आई काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय. दुसऱ्या दिवशी तिनं मला तांदूळ निवडायला बसवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘कुमे, बाबा जेवताना बोलतात का गं?’

बाबा देवळात जात नसत, सोवळंओवळं मानत नसत, पण एक गोष्ट पाळत. माझ्या आजीनं जाताना त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, चातुर्मासात मौन धरून जेवायचं. आपोशनी घेतल्यापासून उत्तरापोशन घेईपर्यंत तोंडातून शब्द नाही, हूं नाही की चूं नाही. बोललं की पानावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. पानात टाकायचंही नाही. त्यांनी ते एकदाही मोडलं नव्हतं. एका आषाढात त्यांच्या पाठीवरून विंचू चालत गेला, तर त्यांनी भातावर बोटानं विंचवाचं चित्र काढून आईला दाखवलं. चित्र आईला खेकड्याचं वाटलं.

‘नाही बोलत,’ मी म्हणाले, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईनं डोळा मारला. माझ्या आईला डोळा मारता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. साहेबांना नेमकं शनिवारी, आणि नेमकं पानं वाढल्यावर घेऊन यायचं काम मेष्ट्रुंकडे गेलं. बाबा पानावर बसलेले असतील, त्यांना बोलता येणार नाही, साहेब घाईचे, ते गाव बघतील, पावलं बघतील, हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, खातील आणि जातील. बाबांना खोटं बोलावं लागणार नाही. फक्त खरंही बोलता येणार नाही. मी तळ्याच्या बांधावर उभी राहून जीप दिसली की लाल फडकं हलवायचं.

शनिवारी आभाळ उघडलेलं होतं. खडकावर ओळीनं हंडे चढले होते, गुळाच्या हुग्गीचा वास, चित्रान्नाच्या फोडणीचा, ओल्या लाकडाचा धूर, आणि बायकांचा एकच गलका. ओळीच्या अगदी टोकाला गौरक्काच्या धाकट्या जावेची चूल होती. दीर वेगळा निघाला होता, नव्या घराला जुनं पाऊल कुठून मिळणार, म्हणून तिनं मागल्या वर्षापासून सपाट खडकावरच तीन धोंडे मांडले होते. बाबांचं पान तिच्या समोर पडलं. गौरक्कानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण पान मात्र तिनंच मांडलं.

आणि जीप लवकर आली! मी फडकं हलवलं, पण धुरात कुणाला दिसलं नाही. मग मी परकर गुडघ्यापर्यंत खोचून जी धावले ती खडकापर्यंत. बाबा अजून उभे राहून कुणाला तरी खडकाचं वय समजावत होते. मी आईच्या अंगावर जाऊन आदळले. आईनं एका नजरेत ओळखलं. ‘बसा बसा, पान वाढलंय,’ म्हणत तिनं बाबांना खांदा धरून खालीच बसवलं.

‘अगं, पानात नुसतं मीठ आणि भात आहे. वरण तरी येऊ दे.’

‘येतंय. तुम्ही आपोशनी घ्या. हात धुतलेले वाळतील.’

हात धुतलेले वाळले तर काय होतं, हे माझ्या बाबांसारख्या तपासनीस माणसानं विचारायला हवं होतं. पण भूक लागली होती. त्यांनी चित्राहुती घातल्या, आपोशनी घेतली, आणि डोळे उघडले तर समोर तालुक्याचे साहेब. बाबांनी साहेबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्या धपापणाऱ्या छातीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळा डाव कळला. तोंड उघडायची सोय नव्हती. आईनं शांतपणे त्यांच्या भातावर वरण घातलं.

‘साहेब मौनात आहेत,’ मेष्ट्रुंनी भक्तिभावानं सांगितलं. तालुक्याच्या साहेबांनी हात जोडले. शेजारीच पान वाढून त्यांनाही बसवण्यात आलं. गौरक्कानं त्यांना हुग्गी वाढली, तूप ओतलं, आणि मेष्ट्रु पावलांची लांबी, रुंदी, बोटं असं रंगवून सांगू लागले. सगळं आईच्या मनासारखं चाललं होतं. बाबा भराभर जेवत होते, कारण पान संपल्याशिवाय सुटका नव्हती, आणि पान संपत आलं की आई वाढत होती. ते दोन्ही हातांनी पान झाकत, आई बोटांच्या फटीतून भात सोडत होती.

तेवढ्यात समोरच्या धाकट्या जावेनं जाळ कमी करायला एक ओंडका बाहेर ओढला आणि खाली तडाक्‌ आवाज झाला. खडकाचा एक पातळ पोपडा उडाला तो थेट साहेबांच्या हुग्गीत. साहेब दचकले. बाबांनी मात्र हात लांब करून साहेबांच्या पानातून तो पोपडा उचलला, वळवून पाहिला, आणि समोरच्या चुलीकडे बघत राहिले. ओंडका होता तिथं काळसर, लांबट, उथळ खळगा पडला होता. दुसऱ्या ओंडक्याखाली दुसरा. तिसऱ्याखाली तिसरा. हंड्याखाली मधे गोल टाच. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं रविवारी गुडघे चोळत परत येणारा माणूस एकदम उजळला. चूल पावलात मांडत नव्हते. चुलीनंच पाऊल पडलं होतं! जाळानं खडकाची साल निघते, तीन बाजूंनी तीन ओंडके, वर्षानुवर्षं त्याच जागी तोच जाळ. सगळं गाव चुली पेटवून शिजवत होतं, आणि हे उलट बाजूनं बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं, खात्यालासुद्धा नाही.

आणि हे सगळं ठाऊक असलेल्या एकुलत्या एका माणसाला बोलता येत नव्हतं.

बाबांनी तीन बोटं वर केली. ‘तीन बोटं,’ साहेब म्हणाले, ‘बरोबर, मेष्ट्रुंनी सांगितलं.’ बाबांनी जोरात मान हलवली, चुलीकडे हात केला, मग पावलांच्या ओळीकडे, मग पुन्हा चुलीकडे. ‘इकडून तिकडे चालत गेला,’ मेष्ट्रुंनी अर्थ लावला. बाबांनी कपाळावर हात मारला, खडकावर थाप मारली, पोपडा साहेबांच्या नाकापुढे नाचवला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. साहेब हेलावले. इतका शिकलेला माणूस एका दगडाच्या तुकड्यापायी गहिवरतो, याचा त्यांच्यावर फार परिणाम झाला. ‘मला आणखी पुरावा नको,’ ते उठत म्हणाले. ‘खडक राहील.’ गाव ओरडलं, पिपाणी वाजली, पोरांनी पातेली बडवली. आईनं त्या आनंदात बाबांच्या पानात आणखी दोन डाव भात घातला.

बाबांनी उत्तरापोशन घेतलं तेव्हा जीपची धूळही खाली बसली होती. ते उभे राहिले आणि ओरडले, ‘चूल! चूल आहे ती!’ कुणीतरी त्यांच्यासाठी पुन्हा चूल पेटवायला धावलं. तेव्हा ते सरळ गौरक्कापुढे गेले, तो पोपडा तिच्या तळहातावर ठेवला आणि मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाले, ‘अक्का, इदु प्राणी अल्ला. इदु ओले.’ हा प्राणी नाही, ही चूल आहे. मग धाकट्या जावेच्या हंड्याखालचा विस्तव काठीनं सारून तिला ती कोवळी तीन बोटं दाखवली.

पिपाणी थांबली. गौरक्का आपल्या पावलापाशी गेली, खाली बसली, त्यातली निवत आलेली राख हातानं बाजूला केली आणि एकेका बोटात हात फिरवला. मला वाटलं, आता ही आम्हाला घराबाहेर काढणार.

‘म्हणजे हे माझ्या सासूनं केलं?’ तिनं विचारलं.

‘तुमच्या सासूनं. तिच्या सासूनं. तिच्याही सासूनं.’

गौरक्कानं हाताची राख झटकली. ‘माझी सासू होतीच तशी,’ ती म्हणाली. ‘तिच्यापुढे दगड काय टिकणार!’ आणि हसायला लागली. पहिल्यांदा बायका हसल्या, मग सगळं गाव. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि बाबांना म्हणाली, ‘आता माहीत झालं ना खरं? मग जा, सांगा साहेबांना. पण अर्धं नका सांगू. या खडकावर आम्ही इतक्या पिढ्या जेवलो की दगड झिजला, हे सांगा. मग त्याला विचारा, फोडतोस का?’

सोमवारी बाबा तालुक्याला गेले. साक्षीदार म्हणून मला घेऊन गेले, कारण आईशी त्यांचं मौन अजून सुरूच होतं, आणि ते आता जेवणापुरतं उरलं नव्हतं. बाबांनी साहेबांना सगळं समजावलं, टेबलावर तीन पेन्सिली मांडून दाखवल्या. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

‘पटतंय,’ ते म्हणाले. ‘पण मी काय करू? मी वर डायनासोर कळवून बसलोय. वरचे खूश आहेत. चूल प्रत्येकाच्या घरी असते हो, साहेब. चुलीसाठी कुणी खडीचा खडक सोडत नाही. डायनासोरसाठी सोडतात.’

‘पण ते खरं नाही.’

‘तुम्ही खरं सांगितलंत. मी ऐकलं. चहा घ्या.’

बाबा बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत बसले. खरं बोलून झालं होतं आणि ते कुणालाच नको होतं. असं काही त्यांच्या आयुष्यात आधी घडलं नव्हतं. मला त्यांची दया आली. पण खडक वाचला म्हणून आनंदही झाला होता, आणि मी तो लपवायचा फारसा प्रयत्न केला नाही. मारतहळ्ळीच्या अलीकडे कुठंतरी ते एकदम म्हणाले, ‘विंचू खेकड्यासारखा दिसत होता का गं?’ मी हो म्हटलं. ते हसले, आणि घरी जाऊन आईला म्हणाले, ‘वाढ.’

पुढच्या श्रावणात गौरक्का सकाळीच मधल्या दारातून आत आली. तिनं आईचा एक हात धरला, बाबांचा दुसरा, आणि सगळ्या गावादेखत त्यांना खडकावर नेलं. ओळीच्या शेवटी, धाकट्या जावेच्या पुढे, कोरा सपाट खडक होता. तिथं तीन धोंडे आधीच आणून ठेवलेले. ‘हे तुमचं,’ ती म्हणाली. ‘डायनासोर अजून चालतोय. टाका पुढचं पाऊल.’ आई ऐकताक्षणी रडायला लागली. बाबांनी जाळ घातला. इतकी वर्षं त्या पावलांवर ओणवे होऊनही त्यांना धड तीन ओंडके सरळ लावता आले नाहीत. एक वाकडाच लागला, आणि आम्ही तिथं राहिलो तोवर दर श्रावणात तो तसाच वाकडा लागत गेला. आई फुंकर घालायची, बाबा धुरानं खोकायचे, आणि मग मौन धरून आपल्याच चुलीवरचा भात जेवायचे.

आता तो खडक चार उंच इमारतींच्या मधे आहे, भोवती जाळी, आत हिरवळ. मी मुलाकडे त्यातल्याच एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहते. दोड्डबंडे हे नाव बसच्या पाटीवरही उरलेलं नाही, पण डायनासोर आहे. फायबरचा, मिशा नसलेला. खडकावर पाय ठेवला तर वॉचमन शिट्टी वाजवतो. चूल पेटवायची तर गोष्टच सोडा. सोसायटीनं एक सुंदर फलक लावला आहे. त्यावर लिहिलंय की प्राणी पूर्वेकडे चालत गेला असावा, आणि शेवटचा लहान, किंचित वाकडा ठसा त्याच्या पिल्लाचा असावा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इतकी हसले की वॉचमननं मला खुर्ची आणून दिली. जन्मभर एक खोटा शब्द न बोललेले माझे बाबा, डायनासोरचं पिल्लू होऊन फलकावर बसले आहेत. ते असते तर त्यांनी फलक उतरवायला लावला असता. मी मुळीच लावणार नाही.

परवा संध्याकाळी खालच्या मजल्यावरची नागपूरची छोटी माझ्याबरोबर फिरायला आली होती. तिचे आई-वडील याच वर्षी इकडे आले. शाळेत तिच्याशी अजून कुणी खेळत नाही म्हणून ती माझ्याशी खेळते. जाळीला नाक लावून ती बराच वेळ त्या शेवटच्या पावलाकडे बघत होती.

‘आज्जी, पिल्लू सगळ्यांच्या मागे का राहिलं?’

‘उशिरा आलं ना ते,’ मी म्हणाले. ‘महाराष्ट्रातून.’

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. ‘मग त्याला घेतलं त्यांनी?’

‘घेतलं की. हात धरून नेलं,’ मी म्हणाले, आणि वॉचमन पलीकडे वळलेला पाहून जाळीचं फाटक हळूच ढकललं. ‘चल, तुझा पाय त्यात बसतो का बघू.’